होगे

वरच्या रानात आग कुणाच्या बिडीनं लागली
की काजूबागेतला पाला पेटवताना,
ते पंचनाम्यात यायचं ते येईल.
मला कळलं सांडग्यांवरून.
कमळाक्कानं गच्चीवर घातलेल्या वाळवणावर
जळकी पानं उतरत होती, अलगद,
शिरांसकट अख्खी.
बोट लावेपर्यंत पान होतं.
लावलं की नव्हतं.

कणकुंबीत वैशाखातही पहाटे गोधडी लागायची.
यंदा रात्री दोनला भिंत कोमट लागते पाठीला,
आणि खिडकी उघडावी तर धूर,
लावावी तर आपलाच श्वास परत परत.
सकाळी आठचा सूर्य
उघड्या डोळ्यांनी बघता येतो.
ही सवय बरी नव्हे.

फोनमध्ये हवेचा आकडा येतो, तो बेळगावचा.
हिरव्या गोलात, खुशाल.
आमच्या हवेला नंबर नाही.
आमच्याकडं एक नेब्युलायझर,
मास्क दोन, एक मोठ्यांचा, एक पोरांचा,
आणि मी, नर्स,
छातीला कान लावून मोजणारी.
सोमवारी अकरा. मंगळवारी सव्वीस.
नंतर मोजायचं राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी ठकू झोरे आला धनगरवाड्यावरून,
म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेऊन.
एका हातात ऐनाची डहाळी, पानं करपलेली.
दोन रात्री तिनंच झोडपत होता आग.
टाक की रे ती, म्हटलं.
त्यानं हाताकडं पाहिलं,
कुणा दुसऱ्याचा असावा तसं.

मागोमाग फॉरेस्टचा इरय्या. भुवया जळालेल्या.
गेल्या महिन्यात ह्यानंच ठकूवर केस घातली,
म्हशी राखीव रानात शिरल्या म्हणून.
दोघं एकाच बाकावर बसले,
मध्ये म्हातारी.

इरय्याला मराठी येते, पण घसा बसल्यावर
माणूस आपल्या भाषेतच खोकतो.
छातीवर हात ठेवून म्हणाला, होगे, अक्का, होगे.
कानडीत धूर म्हणजे होगे.
म्हातारी कानानं अधू. तिला ऐकू आलं, हो गे.
इतक्या मायेनं कोण कशाला हो म्हणतंय
तिला कळेना, पण ती म्हणाली,
हो रे बाबा.
तो म्हणाला, होगे.
ती म्हणाली, हो, हो.
बराच वेळ चाललं. कुणी दुरुस्त केलं नाही.
मी हसले आणि त्याची किंमत
पाच मिनिटं खोकून चुकवली.

मग करंट गेला.
यंत्राची घरघर थांबली तेव्हा कळलं
तिच्या आड किती छात्या वाजत होत्या.
दम धरा, मी म्हटलं,
आणि बोलल्यावर जीभ चावली.
ठकूनं रजिस्टरच्या पुठ्ठ्यानं वारा घातला,
आधी आईला,
मग हात तसाच पुढं गेला, इरय्यापर्यंत.
केस आहे तशीच आहे. तारीख अठराची.

रजिस्टर कानडीत. कारणाच्या रकान्यात
तोच शब्द लिहीत गेले, पानभर,
शेवटी नुसत्या दोन उभ्या रेघा, वरीलप्रमाणे.

घरी येऊन केस धुतले.
तिसऱ्या तांब्यालाही पाणी काळं.
पलीकडच्या डोंगरावर आगीची बारीक रेघ,
गोव्याची हद्द कुठं लागते तिला ठाऊक नाही.
उद्या पण इतकीच येतील का गे माणसं,
स्वतःलाच विचारलं, अंधारात, पंचा डोक्याला बांधून.

खिडकीतून जे आत येत होतं
त्यानं उत्तर दिलं.