किरकोळ खर्च

हॅडलकोटची लोकसंख्या दोनशे बारा.
मागच्या मंगळवारी आयव्हर प्रॉबर्ट गेले, तेव्हा दोनशे अकरा.
पाटी बदलायला निधी नाही.

मी इथली कारकून. आठवड्याचे सहा तास, पगारी.
बाकीचे तास माझे, असं नेमणूकपत्रात आहे,
पण रात्री दहाला फोन वाजतो:
मिसेस गोल्डिंगच्या फाटकापुढे पुन्हा कुत्र्याची घाण,
आणि पॅरिश कौन्सिल करतं काय?

पॅरिश कौन्सिल सात जणांचं.
त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत
एक्याण्णव सालच्या कुंपणापासून.
तिसऱ्याला ऐकू कमी येतं, म्हणून तो अध्यक्ष.

माझे वडील ग्रामसेवक होते, तासगावकडे.
सांगायचे, इतिवृत्तात काय ठरलं ते लिहावं,
कोण काय बोललं ते नाही.
सूचक, अनुमोदक, सर्वानुमते, संपलं.
भांडण शाईत उतरलं की नातवंडांना पुरतं.

चर्चच्या मनोऱ्याखाली ओकची पेटी आहे, तीन कुलपांची.
एक किल्ली पाद्र्याकडे, दोन वॉर्डनांकडे दोन;
तिघं जमल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.
चारशे वर्षं गावाने कुणावरच विश्वास टाकला नाही
आणि गाव नीट चाललं.
आता तिन्ही किल्ल्या माझ्या ड्रॉवरमध्ये,
स्टेपलरच्या पिनांत.

गटाराच्या भांडणासाठी जुनी शीव शोधत होते.
हाताला लागली वही: गरिबांचा हिशेब, सतराशे सत्त्याऐंशी,
ओव्हरसियर थॉमस विदरिक.
विधवा टिप्टनचे जोडे, एक शिलिंग.
चिमण्या मारल्या, बारा मुंडकी, तीन पेनी.
आणि तळाशी, किरकोळ खर्चात:
टॅम्सिन ऑरेल, दिवस भरत आलेली,
ओढ्यापलीकडे नेऊन सोडली.
गाडीभाडं तीन शिलिंग.
गाडीवानाला बिअर, चार पेनी.

कायदा सरळ होता.
बिनबापाचं मूल ज्या शिवेत जन्मेल
त्या गावाने ते पोसायचं.
तारीख जानेवारीची. ओढ्यावर तेव्हा पूल नव्हता.

पलीकडच्या गावाची वही मी पत्र लिहून मागवली.
त्यांच्याकडेही बाई आहे, तिसऱ्या दिवशी:
परत पाठवली, गाडीभाडं तीन शिलिंग.
दरात फरक नाही.
मग दोन्हीकडे चिमण्या, जोडे, पीठ.
बाळ कुठल्याच पानावर नाही.

आज सभेत विषय क्रमांक सात:
ओढ्याकाठी नोव्हेंबरपासून उभी असलेली व्हॅन.
आत एक माणूस झोपतो, आणि त्याचा कुत्रा.
पुढची चाकं आपल्या हद्दीत की त्यांच्या?
मी नकाशा पसरला. शीव ओढ्याच्या मधोमध जाते,
आणि ओढा दर पावसाळ्यात थोडा सरकतो.
अध्यक्ष म्हणाले, काय?
कुंपणवाल्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत होत होतं
की पलीकडच्यांना पत्र लिहावं,
तेवढ्यात मिसेस गोल्डिंग मागून उठल्या.
म्हणाल्या, तो कुत्रा रोज माझ्याच दारी येतो,
कारण हाडं मीच घालते.
त्या माणसाला गुरुवारी सूपही देते. मटाराचं.
तर आता लिहा काय लिहायचं ते.
आणि खाली बसल्या, हातमोजे न काढता.

मी लिहिलं: विषय सात, चर्चेअंती तहकूब.

घरी आल्यावर विदरिकची वही पुन्हा उघडली.
वळणदार अक्षर, कुठे खाडाखोड नाही.
त्यानेही ठरलं तेवढंच लिहिलं असेल.
त्या खोलीत मागून कुणी उठलं होतं का,
कुणी घोंगडी टाकली होती का गाडीत,
मला कळायला मार्ग नाही.
आणि ती चार पेनीची बिअर,
गाडीवान जाताना प्यायला
की तिला सोडून येताना,
तेही नाही.