अंधारी रेघ
(अष्टरक, आर्मेनिया)

पडदा ओढ, हायकाझ. ट्यूबलाइटही नको.
आधी काही दिसणार नाही, डोळ्यांना सवय होऊ दे.
आणि त्या कुपीला हात लावू नकोस.
एकशे वीस अंशांवर आहे ती,
नि तिच्यासारखी दुसरी नाही.

वाघार्शाकनं केली होती.
दोन काचा, मध्ये एवढीशीच फट
की प्रकाशाची एक लाट जेमतेम आत मावेल.
काचेवर तवंगासारखे रंग दिसतात ना,
त्यांवरून तो जाडी सांगायचा. मोजपट्टी नाही, काही नाही.

त्या फटीत रुबिडियम.
नावाला धातू. हवा लागली तर पेटतो, पाणी दाखवलं तर फुटतो.
सगळ्यांत बाहेर एकटाच इलेक्ट्रॉन,
उंबऱ्यावर येऊन उभा,
कुणी हाक मारतंय का बघत.
आपण मारतो. केसभर सूर चुकला
तर ओ देत नाही.

ब्याण्णवचा हिवाळा तू पाहिला नाहीस.
वीज यायची दिवसाला एक तास,
कुठला तास ते कुणी सांगत नसे.
मी इथेच झोपायचे, कोट घालून,
दिव्याचं बटण चालू ठेवून:
वीज आली की उजेडच उठवील.
मग भट्टी तापायला चाळीस मिनिटं,
लेझर स्थिरावायला पंधरा.
उरली पाच.
त्या पाच मिनिटांवर माझा प्रबंध उभा आहे.
भट्टीच्या झाकणावर दोन बटाटे
आणि मुलीचे ओले मोजे.

एका रात्री वाघार्शाक आला, हात शेकायला.
म्हणाला, काय दिसतं गं तुला यात?
मी म्हटलं, एका लेझरनं विचारलं तर अणू उजळतो.
दुसऱ्यानं विचारलं तरी उजळतो.
दोघांनी एकदम विचारलं,
सुरांत नेमका तीन अब्ज हेलकाव्यांचा फरक ठेवून,
तर तो कुणाचंच घेत नाही.
गप्प होतो.
सगळा प्रकाश त्याच्यातून आरपार जातो.
तो हसला. "आई आणि बायको," म्हणाला,
"मीही असाच गप्प बसतो."
एक बटाटा घेऊन गेला.

मार्चमध्ये लॉस एंजेलिसला गेला, कायमचा.
तिथे निऑनच्या पाट्या वळवायचा म्हणे,
दारूच्या दुकानांच्या, दातांच्या डॉक्टरांच्या.
त्याचं एक पत्र आलं. मी उत्तर लिहिलं नाही.
काय लिहिणार होते? कुपी शाबूत आहे, एवढंच.

आता बघ. पडद्यावर त्या उंचवट्याच्या मधोमध.
तिथे नाही, जरा डावीकडे.
बारीक खाच, सुईनं ओढल्यासारखी.
तिथे ते गप्प आहेत.
भिंतीवर आपटेपर्यंतच. आपटले की सगळं विसरतात,
पुन्हा नव्यानं विचारावं लागतं.

दिसली?
मग बघत काय बसलास, लिही. आकडा लिही,
वीज जायच्या आत.

हो, ठाऊक आहे मला, आता जात नाही.
तरी आधी लिही.