तिसरा सिलिंडर

केबल किनाऱ्याला लागते ती जुन्या बर्फघराच्या मागे,
जिथे पूर्वी कॉड मासा पेट्यांत भरायचे.
आता तिथे एक खोली, दोन पडदे, एक हीटर,
आणि रात्रपाळीला मी.

खाली दोनशे साठ मीटरवर पोवळं आहे.
अंगठीतलं नव्हे. पांढरं,
उन्हाची ओळख नसलेलं,
नखापेक्षा सावकाश वाढणारं.
त्याच्या भोवती आम्ही नऊ खांब रोवलेत :
कुणी पाण्याचा ताप बघतं, कुणी खारटपणा,
कुणी नुसतं ऐकतं.
एकमेकांशी ते आवाजानेच बोलतात,
रेडिओ पाण्यात चार पावलंही चालत नाही.
सातवा पाचव्याला सांगतो, पाचवा केबलला,
केबल मला.
निरोप पोचेपर्यंत जरा शिळा झालेला असतो.

ओदवार रोज संध्याकाळी येतो.
व्हेस्टरोलनच्या नोव्हेंबरात संध्याकाळ म्हणजे दुपारचे दोन.
बूट दाराशी काढतो, टोपी काढत नाही.
"आज किती?"
"सात पूर्णांक तीन."
"जास्त आहे."
"थोडं."
आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा बसतो,
थर्मासमधली कॉफी मला न विचारता ओततो.

त्याच्या घरी खिडकीत एक वाळकी फांदी आहे,
गुलाबी होती म्हणे.
सत्त्याऐंशी साली जाळ्यातून वर आली,
सोबत दीड टन लाल मासा.
"आम्ही समुद्रझाड म्हणायचो.
झाड म्हटलं की तोडायला सोपं जातं."

कॅमेऱ्यात ती जागा अजून दिसते,
पांढऱ्या चुऱ्यातून गेलेला एक रस्ता.
इतकं सरळ तिथे दुसरं काही नाही.
पडद्यावर आला की मी चित्र बदलायला जाते.
तो म्हणतो, राहू दे.

काल सातव्याच्या कानात काहीतरी आलं.
संगणकाने लिहिलं : जहाज, अनोळखी.
मी आवाज मोठा केला.
ठक् ठक्, ठक् ठक्, मग अर्धा श्वास, ठक्.

ओदवारचा कप ओठांशीच थांबला.
"अनोळखी कसलं? ही सिन्नोव्हे.
माझी होती, आता भाचा चालवतो.
तिसरा सिलिंडर अडखळतो तिचा.
चाळीस वर्षं अडखळतोय."

मग बराच वेळ हीटरच बोलत राहिला.

"म्हणजे हे सगळं," तो म्हणाला,
"खाली ऐकू जात होतं."

पोवळ्याला कान नसतात, असं सांगणार होते मी.
नाही सांगितलं.
चौकटीतलं 'अनोळखी' खोडलं
आणि तो सांगेल तसं एकेक अक्षर
नाव लिहिलं.

बूट चढवताना म्हणाला,
भाच्याला फोन करतो, इंजिन दुरुस्त करून घे म्हणून.
नाडी बांधून झाली. उठला नाही.
"नकोच," म्हणाला,
"मग ओळखू यायची नाही."