बंद पडलं तर

ऑडिटर म्हणाले, एक कागद लागेल,
संगणक बंद पडला तर काय करणार, त्याचा.
मी विचारलं, नमुना आहे का?
म्हणाले, नमुना नसतो. तुमचं तुम्ही लिहा,
खाली सही-शिक्का मारून भिंतीला लावा.

म्हणून मार्च उरकल्यावर, औशाच्या बाजारओळीत,
पतसंस्थेचं शटर अर्धं ओढून
लिहायला बसलो.

वीज गेली तर: यूपीएस अकरा मिनिटं.
(कंपनी चाळीस म्हणते. मी घड्याळ लावून बघितलंय.)
तेवढ्यात हातातली नोंद पुरी करायची.
रांगेतल्या माणसाला उद्या या म्हणायचं नाही,
कार्बन घालून पावती हातानं लिहून द्यायची.
पावतीपुस्तक डाव्या खणात.
कार्बन: शोधणे.

नेट गेलं तर: शेजारी, जलीलभाईंच्या मुलाचा मोबाईल.
त्याला अजून विचारलेलं नाही. विचारणे.

उंदरानं वायर कुरतडली तर...
इथं हात थांबला,
कारण यात तर कुठं आहे?
दर पावसाळ्यात कुरतडतोच तो.

मे महिन्यात मशीन तापून बसलं तर:
बाजूचं झाकण काढून टेबलफॅन त्याच्याकडं वळवणे.
चिद्रेसाहेबांनी रुमाल वापरणे.

पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?
मला.
आणि?

गेल्या भादव्यात कावीळ झाली तेव्हा
दवाखान्याच्या खाटेवरून मी फोनवर सांगत होतो,
एम मोठा, साहेब. मोठा. मन्मथचा एम.
तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला
आमच्या संस्थेचा पासवर्ड पाठ झाला होता.
लिहिलं: बंद पाकिटात, साहेबांच्या बायकोकडं.
(साहेब हरवतात.)

मग बॅकअप.
रोज संध्याकाळी, पेनड्राइव्हवर.
पेनड्राइव्ह कुठं? तिजोरीत.
तिजोरी कुठं? संगणकाच्या टेबलाखाली.

धुरपतबाई झाडत झाडत तिथवर आली.
काय लिहायलास रं एवढं?
मी वाचून दाखवलं.
झाडू थांबला.
म्हणजे दोन्ही एकाच घरात?

आमच्या सासूनं बी एकाच कोनाड्यात ठेवलं होतं समदं.
सातबारा, पाटल्या, लेकराचा शाळेचा दाखला.
दगडमातीची भिंत, दोन हात रुंद.
म्हणायची, हिला काय होतंय.

वर्ष तिनं सांगितलं नाही.
औशात ते सांगावं लागत नाही.

पाटल्या सापडल्या, म्हणाली.
दाखला नाही.
लागला बी नाही पुन्हा.
आणि कचरा सुपलीत भरून
बाहेर गेली.

मी बराच वेळ पंख्याखाली बसून होतो.
मग तिजोरीत या शब्दावर काट मारली.

आता दोन पेनड्राइव्ह आहेत.
एक इथं.
दुसरा दर शनिवारी धुरपतबाईच्या पिशवीतून जातो,
भाजीखाली, प्लास्टिकच्या पुडीत,
एसटीनं पाऊण तास,
पुनर्वसनातल्या तिच्या पत्र्याच्या खोलीत,
चहापत्तीच्या डब्यात.
सोमवारी आणते. एकदाही विसरली नाही.
परवा म्हणाली, तुमच्या हिशेबाला वास लागला असंल चहाचा.

कागदावर मी लिहिलंय, ठिकाण क्रमांक दोन.
साहेब म्हणाले, हे ऑडिटरला कसं दाखवायचं?
ऑडिटरांनी चष्मा वर करून वाचलं,
आणि तिलाच विचारलं, बाई, खोलीला कुलूप असतं का?

असतंय की, ती म्हणाली.
पर कुलपाचं काय घेऊन बसलाव?
छत हलकं हाय माझं.

त्यांनी शिक्का मारला.
कागद भिंतीवर आहे, चिकटपट्टीनं, जरा तिरका.
कार्बन सापडला, वाळलेला.
जलीलभाईंच्या मुलाला
विचारायचं राहिलंच आहे.