उघाडी

माझ्याकडे साडेचार फुटांची लोखंडी चावी आहे.
सेक्टर अकराला पहाटे पाच ते सव्वासहा,
बाराला सव्वासहा ते साडेसात,
आणि घणसोली गावठाणात, म्हणजे आमच्याकडे,
उरेल ते. चाळीस मिनिटं धरा.
रस्त्यातलं झाकण उचलायचं,
चावी बसवायची, बावीस आटे सोडायचे.
खाली पाणी घसा खाकरतं
आणि अठराव्या मजल्यावर कुणीतरी
झोपेतच नळ सोडतं.

बा उघाडीवर होता.
उघाडी म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं:
बांधातलं लाकडी दार. बाहेर खाडी, आत भात.
भरती आपल्याच रेट्याने दार लावून घ्यायची,
ओहोटी उघडायची.
बा फक्त अडकलेली काटकी, शेवाळ,
कधी रागावलेला एखादा खेकडा काढायला
रात्रीचा कंदील घेऊन जायचा.

मग जमीन गेली.
साडेबारा टक्क्यांचा कागद आला, तो काकाने विकला.
त्या दिवशी बा नेहमीसारखा जेवला,
ओल्या बोंबलाचा रस्सा दोनदा घेतला,
आणि हात धुताना म्हणाला,
"बांधाला चिखोल कोन लावील आता?"
कुणी बोललं नाही. टीव्ही चालू होता.

'क्रीक क्राउन'चे सेक्रेटरी येलगुलवार
मूळचे वणीकडचे. माणूस वाईट नाही.
"दहा मिनिटं जास्त सोडा ना भाऊ,
टँकरचं बिल भरून भरून वाकलो आम्ही,
अजून चौदा वर्षांचे हप्ते आहेत."
मी म्हटलं, तुमची दहा मिनिटं
कुणाच्या तरी हंड्यातून काढावी लागतील.
ते गप्प झाले. मग चहा पाजला.
त्यानंतर कधी तीन, कधी चार मिनिटं
माझा हात सावकाश फिरतो. कुणाला सांगू नका.

परवा रात्री फोन त्यांचाच.
"पार्किंगमध्ये पाणी भरून राहिलं, लाइन फुटली,
लवकर बंद करा!"
धावलो. झाकण, चावी, बावीस आटे आवळले.
वर एक जादा आवळला.
उतारावरून तळघरात गेलो:
गाड्यांच्या नंबरपाटीपर्यंत काळं, निवांत पाणी,
लिफ्टपाशी बायामाणसं नाइटड्रेसमध्ये,
सगळ्यांचे मोबाइल माझ्यावर पेटलेले.
पाणी थांबेना.

मी ओंजळ भरली, जीभ लावली.

बाराही महिने मोजून देतो ते पाणी नव्हतं हे.
याला माझी चावी लागत नाही.

वर जाऊन आकाश पाहिलं. चंद्र कधीच मावळलेला.
बोटांवर हिशोब केला, बा करायचा तसा:
आज बीज. दोनाची पाऊणपट, दीड.
घड्याळात एक पन्नास.
"साहेब, पंप लावू नका," म्हटलं,
"भर होऊन गेली. साडेचारपर्यंत आपोआप उतरेल."
"पण हे येतं कुठून?"
मी खांब क्रमांक सी-सातकडे बोट केलं.
तिथे असावी आमची. दोन हात इकडे तिकडे.
दार कुजलं असेल, बुजवलं असेल,
पाण्याला वाट ठाऊक आहे.

कुणी हसलं नाही, हेही खरं.
एक बाई कडेवरच्या पोराला दाखवत होती:
पांढऱ्या गाडीच्या टायरवर
डोळे वर काढून बसलेली निवटी,
शेपटीने ढकलत, सरकत,
जणू पार्किंग तिच्या नावावर.
पोरगं म्हणालं, मम्मी, फ्लॅट कितवा हिचा?

येलगुलवार पायऱ्यांवर पँट दुमडून बसले होते.
त्यांच्या शेजारी बसलो. तेही बोटं मोजत होते,
हप्त्यांची असतील.
साडेचारला पाण्याची रेघ भिंतीवर वीतभर खाली आली होती.
कुणीतरी खडूने खूण केली.
मग वेळेची आठवण झाली,
उठलो, चावी खांद्यावर टाकली.
पाचला अकराचं सोडायचं होतं.
आज आधी गावठाणाचं सोडलं.