तासलेलं मेण

ब्रुकलिन, एकोणतीसचा ऑगस्ट.
दारं बंद, पंखे बंद, भिंतींवर घोंगड्या ठोकलेल्या.
कॅमेरा काचेच्या खोलीत कोंडलेला,
कारण तो घरघरतो,
आणि त्याच्या सोबतीला आत डगन, डोक्यावर ओला टॉवेल.

माझं काम सांगण्यासारखं नव्हतं.
फिरत्या मेणाच्या तबकडीवर सुई आवाज कोरत जायची,
मागे केसासारखा मेणाचा धागा सुटायचा,
तो मऊ कुंचल्याने झाडायचा. श्वाससुद्धा जपून.
सतरा वर्षांचा होतो. आठवड्याला अकरा डॉलर.
हसायचं नाही, ही अट पगाराच्या आधी सांगितलेली.

त्या दिवशी झेलिग प्लॉट्किन आला,
रंगमंचावर नुसता प्लम,
आणि त्याची बायको हेडविग, करवत वाजवणारी.
खरीखुरी करवत, सुताराची. गुडघ्यांत धरून वाकवायची
आणि बिनदातांच्या कडेवरून गज फिरवायची.
लांबच्या खोलीत कुणी रडू आवरतंय, तसा सूर.

वीस वर्षं हीच बारा मिनिटं.
स्क्रँटन, टोलेडो, अल्टूना, परत स्क्रँटन.
तो बोलायचा, करवत त्याचं वाक्य मधेच कापायची,
तो थांबायचा,
लोक हसायचे,
आणि हसणं ओसरायला लागलं की
(पुरतं ओसरायच्या आत, हं,
तापत्या दुधावर ठेवावी तशी नजर ठेवून)
पुढचं वाक्य टाकायचा.

इथे तो थांबला.
चौदा माणसं होतो. सगळी पगारी मुकी.
वर दोरीला टांगलेल्या मायक्रोफोनकडे तो बघत राहिला,
मुलगी मागायला गेलेल्याने
तिच्या बापाकडे बघावं तसा.

मग मी हसलो.
बाही तोंडात कोंबलेली, तरी.
तुटकं, नाकातून, शिंकेसारखं,
पण झेलिगने ते ओळखलं.
चेहरा उजळला, पुढचं वाक्य आलं,
अगदी वेळेवर.

"कट!"
तबकडी खालच्या खोलीत गेली.
तिथे वाया गेलेलं मेण तासून पुन्हा गुळगुळीत करायचे.
माझं हसू तिथे शेव होऊन पडलं.

दिग्दर्शक म्हणाला, मधे भोकं नकोत, मिस्टर प्लम,
शांतता महाग पडते.
दुसऱ्या वेळी तो कुठेच थांबला नाही.
बारा मिनिटं सात मिनिटांत,
आणि करवत मागून धापा टाकत.

नोव्हेंबरात त्याने मला नुअर्कला नेलं.
तिकिटं त्यानेच काढली. स्वतःला बघायला पंचवीस सेंट, म्हणाला,
आजवर हिशेब उलटा होता.

पडद्यावर तो, घराएवढा.
पहिलाच विनोद, आणि लोक हसले!
इतके, की दुसरा ऐकूच आला नाही.
तिसराही वाहून गेला.
पडद्यावरचा प्लम बहिऱ्यासारखा बोलत सुटलेला,
आणि शेजारचा झेलिग खुर्चीतून अर्धा उठून, हळूच,
"थांब. थांब ना रे. हसतायत."

मग सुई सरकली असावी.
त्याचे ओठ हलत होते आणि तोंडातून करवत गात होती.
हेडविग गज फिरवता फिरवता
नवऱ्याच्या आवाजात म्हणत होती,
"माझी बायको मला बोलूच देत नाही."
सगळ्यात जास्त लोक हसले ते याला.

बाहेर त्याने हॅट घातली, काढली, परत घातली.
स्क्रँटनच्या मॅनेजरचं पत्र खिशात होतं:
ती बारा मिनिटं इथे आता सगळ्यांनी पाहिलीत,
नवीन काही आहे का?

"पोरा, तू हसलास ती तबकडी?"
तासली, म्हटलं.
"सगळी?"
थोडी शेव माझ्या बुटाला चिकटून घरी गेली होती.
आईने सुरीने खरवडली
आणि अडकणाऱ्या ड्रॉवरच्या कडेला चोळली.

तो थांबला.
ट्राम जाईपर्यंत थांबला.
"मग? वाजतो का तो?"
नाही, म्हटलं. आता नाही वाजत.