भाग चौथा, मराठी आवाज

कॅनडा कॉर्नरच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानावर
रेहान मनियारचा स्टुडिओ. भिंतींना अंड्यांचे ट्रे.
पंखा बंद, कारण पंखाही रेकॉर्ड होतो.
इथे बसून रोज सात ते नऊ
मी आशिया ओलांडते.

पडद्यावर एक उंच गोरी बाई, गळ्यात निळा स्कार्फ.
दर भागात एकदा तरी गुडघे टेकते,
मूठभर वाळू उचलते आणि बोटांतून सोडते.
तिचा आवाज काढून टाकलेला, ओठ तेवढे हलतात.
त्या ओठांवर मी मराठी चढवते,
सैल पडली तर टाचून, घट्ट झाली तर उसवून.
आई येवल्याला मागावर बसायची.
तिला हे काम समजावून सांगावं लागलं नसतं.

पहिल्याच भागात अडलो आम्ही.
उंटांची ती लांबलचक रांग, तिला म्हणायचं काय?
काफिला, रेहान म्हणाला.
तांडा, मी म्हणाले.
तांडा बैलांचा असतो, ताई.
मग सार्थ?
त्याने हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं.
मुंबईहून निरोप आला: कारवान ठेवा, लोकांना कळतं.
ठेवलं.
उंट पुढे निघून गेले,
तो शब्द तिथेच बसला पाय दुमडून, रवंथ करत.

चौथ्या भागात तुर्फान.
वाळवंटाच्या मधोमध द्राक्षं! कल्पना करा!
असं मला ओरडायचं होतं.
मी केली कल्पना:
पिंपळगावला आमच्या थोरल्या नणंदबाई, चंद्रकलाअक्का,
मांडवाखाली दोन्ही हात वर, कात्रीने मणी विरळताहेत
सकाळी आठपासून. मान अवघडलेली,
डोळ्यांत औषधाची चुरचुर.
माझा सूर काही लागेना.
अजून जरा आश्चर्य, ताई, रेहान काचेपलीकडून म्हणाला.
द्राक्षांचं आश्चर्य, नाशकात?

मग आल्या त्या जाळीदार मातीच्या खोल्या,
घड टांगलेले, वाऱ्यावर बेदाणा होत असलेले,
आणि शिडीवर एक बाई, कॅमेऱ्याकडे पाठ.
स्क्रिप्टमध्ये तिच्या वाटचं एकही वाक्य नव्हतं.
शिडी हलते तेव्हा ती फक्त "आई गं" सारखं काहीतरी म्हणते,
तिच्या भाषेत.
तेवढं मी मराठीत म्हटलं. तीन टेक घेतले.
पैसे काही त्याचे वेगळे मिळत नाहीत.

रविवारी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढले,
निम्म्यावर दोनदा बसून.
दहाव्या लेण्यात एक मास्तर मुलांना भिंत वाचून दाखवत होते:
गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणीत ठेवले दोन हजार कार्षापण,
व्याज दरमहा शेकडा एक,
त्यातून भिक्षूंना चिवरं.
मुद्दल कधी परत मागायचं नाही.
एफडी! मागून एक पोरगा. सगळे हसले, मीही.
पण त्या कोष्ट्यांची नावं नाहीत भिंतीवर.
देणाऱ्याचं आहे, त्याच्या सासऱ्याचंही आहे.
विणणाऱ्यांसाठी एकच शब्द, सगळ्यांना मिळून.

बाहेर कठड्याशी उभी राहिले.
खाली आग्रा रोड, थंड पेट्यांचे कंटेनर,
आत अक्कांच्या हातचे घड, न्हावाशेवा, मग समुद्र.
एक ड्रायव्हर टायरवर हवेसाठी हातोडी मारून बघत होता,
कान लावून.
त्याच्या पायाखालची माती मुठीत घ्यायला
कुणी येईलसं वाटलं नाही.

शेवटच्या भागात मात्र मी तांडा म्हणाले.
रेहानने ऐकलं, काही बोलला नाही,
बटणावरचं बोट तसंच ठेवलं.
मुंबईचा फोन आजतागायत आलेला नाही.

अक्कांचा आला, चौथा भाग लागला त्या रात्री.
तू ती पुढची, फार बोलणारी, ना?
हो, अक्का.
आणि ती शिडीवरची?
तीही मीच.
पलीकडे थोडा वेळ नुसताच टीव्हीचा आवाज.
मग म्हणाल्या, तिला सांग,
शिडीचे पाय आधी मातीत रोवून घे म्हणावं,
मग चढ.